केमोच्या मधल्या आठवड्यातला विश्रांतीचा दिवस कसा घालवता?

मोगरा_पाचपाखाडी | मंगळवार, सकाळी १०:४०

"या आठवड्यात पूर्ण विश्रांती." डॉक्टर हे ज्या सहजतेने बोलतात तितक्या सहजतेने ती घेता आली असती, तर हा धागा काढलाच नसता.

थोडक्यात सांगते. स्तनाचा कर्करोग, ऑपरेशन झालंय, आता केमो चालू आहे. तेच ते लाल औषध, दर तीन आठवड्यांनी. पहिले काही दिवस मळमळीत जातात, तेव्हा विश्रांती घ्यायची की नाही हा प्रश्नच नसतो, माणूस आपोआप आडवा होतो. शेवटच्या आठवड्यात जरा माणसात येते. घोळ आहे तो मधल्या आठवड्याचा. मळमळ गेलेली, पण पांढऱ्या पेशी तळाला. बाहेर पडायचं नाही, गर्दीत जायचं नाही, पाहुणे नकोत. डोकं म्हणतं ऊठ, पाय म्हणतात बस गं बाई.

नवरा ऑफिसला जातो. सासूबाई सध्या नणंदेकडे डोंबिवलीला. घर शांत आहे, म्हणजे फक्त माझं. वरच्या मजल्यावर बाथरूमच्या फरशा फोडताहेत, शेजारच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चालू आहे आणि खाली सुट्टी लागलेली पोरं आउट की नॉटआउट यावरून भांडताहेत.

इतकी वर्षं शाळेत उभं राहून शिकवलंय, नुसतं बसायचं कसं ते कुणी शिकवलंच नाही. सकाळपासून डाळींच्या डब्यांवर नवीन चिठ्ठ्या लावून झाल्यात.

तर तुम्ही, किंवा तुमच्या घरच्या कुणी, असा दिवस कसा काढला? भेटायला येणाऱ्यांचं काय केलंत? कॅन्सरच हवा असं नाही. बायपास, किडनी, काहीही चालेल. उपदेश नकोत, अनुभव सांगा.

खाडीकर | १०:५२

पहिला नंबर माझा. मनापासून शुभेच्छा.

वरच्या मजल्यावाल्यांना एवढंच विचारा की फरशा फोडायचा मुहूर्त कितीपर्यंत आहे. आमच्या वाशीत तो दिवाळीपासून चालू आहे.

सुलभाताई_नौपाडा | ११:१५

मोगरा, माझं होऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे थोडं अधिकाराने सांगते. पहिलं काम, दाराला पाटी लाव. मी लावली होती: "झोपले आहे. पिशवी कडीला अडकवावी."

लोक प्रेमाने येतात गं, त्याबद्दल वाद नाही. पण येतात आणि बसतात. मग "आमच्या ह्यांच्या मावसबहिणीला हेच झालं होतं" इथून जी गाडी सुटते, ती त्या बिचारीला वैकुंठाला पोचवूनच थांबते. आणि तोवर आपण ओट्याशी, त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवून. केमो मला, आणि बिनसाखरेचा त्यांना!

पाटीमुळे काहीजण दुखावले. एक चुलतजाऊ तेव्हापासून बोलत नाही. पाटीचा हा दुसरा फायदा.

कांदेपोहे | ११:२१

"केमो मला आणि बिनसाखरेचा त्यांना" _/\_ ताई, दंडवत घ्या.

रात्रपाळी | ११:५०

मी केमोच्या डे केअरमध्ये परिचारिका होते, आता निवृत्त. अनुभव मागितलाय, पण त्याआधी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

केमोसोबत बहुधा स्टेरॉइड देतात, डेक्सामेथासोन. उलटी आणि ॲलर्जी टाळण्यासाठी. ते अंगात असतं तेव्हा माणूस रात्री दोनला कपाट आवरतो. ते थांबलं की एकदम गळाठतो. घरच्यांना वाटतं, "काल तर ठणठणीत होती." तेव्हा कालच्या दिवसाशी आजची तुलना करू नका, काल औषध बोलत होतं.

दुसरं ताप. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सगळ्यात खाली जातात. त्या काळात १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे लगेच हॉस्पिटलला फोन, मग रात्रीचे तीन का वाजलेले असेनात. आधी क्रोसिन घेऊन "बघू उतरतोय का" असं करायचं नाही. ताप दबतो, संसर्ग दबत नाही. थर्मामीटर उशाशी ठेवा आणि डे केअरचा नंबर फ्रिजवर.

एवढं झालं की मग खुशाल लोळा.

एकटाच_बरा | दुपारी १२:१०

सुलभाताई, तुमच्या पाटीला माझा विरोध आहे.

मी खारघरला एकटा राहतो. मुलगी बंगळूरला. आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन आणि नंतर केमो. ऑपरेशनच्या वेळी माणसंच माणसं होती. केमोच्या मध्यावर येईतो सगळे आपापल्या कामाला लागले, लागणारच. मग शांत दिवस म्हणजे काय ते कळलं. दूधवाल्याशी "अर्धा की एक" हे दिवसातलं पहिलं बोलणं, आणि कधीकधी शेवटचंही. चुकीच्या नंबरवरून आलेला फोनसुद्धा मी लवकर ठेवत नव्हतो.

तेव्हा मावसबहीण वैकुंठाला गेली तर जाऊ दे, पण माणूस समोर बसलेला बरा. ज्यांच्याकडे जास्त येत असतील त्यांनी थोडे इकडे पाठवा. बेलापूरहून मेट्रो आहे आता.

सुलभाताई_नौपाडा | १२:२२

माझी चुलतजाऊ पाठवते. तिकीट मी काढते.

हाडवैद्य_नव्हे | १२:४५

फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून हे नाव. लोक हाड बसवायला फोन करतात.

'पूर्ण विश्रांती'चा अर्थ बरेच जण दिवसभर पलंग असा घेतात. केमो-रेडिएशनचा थकवा साध्या दमण्यासारखा नसतो. तो झोपून भरून निघत नाही, उलट पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात आणि दुसऱ्या दिवशी जास्त थकवा येतो. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत या थकव्यावर हलका व्यायाम अगदी वरच्या उपायांत आहे. मोगराताई, घरातल्या घरात चाला. दर तासा-दीड तासाला उठायचं, गॅलरी ते स्वयंपाकघर अशा चार फेऱ्या, पुन्हा बसायचं. हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार कमी असतील, चक्कर येत असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

येऊरवासी | १२:५८

"हलका व्यायाम" हे कुणाला सांगताय ते आधी बघत जा हो. पळणाऱ्या माणसाला हलकं म्हणजे उपवन तळ्यापासून येऊरच्या गावापर्यंत. मोजायचं कसं ते सांगा.

हाडवैद्य_नव्हे | दुपारी १:०५

चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाता आलं नाही पाहिजे. हा वरचा टप्पा. केमोच्या मधल्या आठवड्यात मात्र गाता येईल इतकंच चाला. आणि तासाभरानेही धाप किंवा थकवा उतरला नाही, तर पुढच्या वेळी निम्मं.

खाडीकर | १:०९

आमच्या मंडळींना हे लागू नाही. त्या चढावरही बोलतात.

घरचा_माणूस | १:३०

इथे सगळे पेशंटच्या बाजूने लिहिताहेत, एक प्रतिसाद बघणाऱ्याकडूनही.

बायकोची ट्रीटमेंट चालू असताना तिच्या विश्रांतीच्या दिवशी मी सुट्टी घ्यायचो. तिला त्रास नको म्हणून चवड्यांवर चालायचो. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून भात पातेल्यात. दर वीस मिनिटांनी दारातून डोकावून श्वास चालू आहे ना ते बघायचं. तिसऱ्यांदा डोकावल्यावर ती डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, तुम्ही ऑफिसला जा. मला विश्रांती घ्यायची आहे."

नंतर ठरवून टाकलं. तिच्या उशाशी देवघरातली घंटा. वाजली तरच जायचं, एरवी मी बाहेर बसून माझं काम करणार, आणि कुकरलाही शिट्टी मारायची मुभा. घरात नेहमीचे आवाज असले की तिला लवकर झोप लागायची. शांतता केली की ती कान देऊन पडून राहायची, काय झालंय म्हणून.

मोगरा_पाचपाखाडी | दुपारी २:१५

बापरे, किती प्रतिसाद. जेवून थोडी पडले होते.

घंटेची कल्पना नवऱ्याला आजच ऐकवते, तोही डोकावण्याच्याच पंथातला आहे. रात्रपाळीताई, थर्मामीटर उशाशी आणला. सकाळी ९८.२ होता. एकटाच_बरा, तुमचं वाचून मी शेजारच्या काकूंना "आज नको" म्हटलं होतं ते जरा टोचलं. पण काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशी, खाली असताना माणसं घरात घ्यायची तरी कशी?

जेवणाचं म्हणाल तर गुरगुट्या भात आणि मेतकूट. चव नाही कशालाच, तोंड आलंय. आणि घरात आंब्याची पेटी आलीय!! नवऱ्याने कापून फोड तोंडात घातली, तर गंजका खिळा चोखल्यासारखं वाटलं. हापूस! मे महिन्यात! या एका गोष्टीवर रडले मी. केस गेले तेव्हा नव्हते रडले.

कांदेपोहे | २:२०

आंब्याचं वाचून पोटात तुटलं. पेटी कुठली, देवगड की रत्नागिरी?

खाडीकर | २:२२

कांदेपोहे, बाई रडतेय आणि तुम्हाला पेटीचा पत्ता हवाय.

कांदेपोहे | २:२४

तिला चव लागत नाहीये म्हणून म्हटलं, वाया जायला नको. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या, मोगरा.

सीवूड्स_सुगरण | २:४०

आईच्या वेळी आम्ही केलेलं सांगते. स्टीलचा चमचा बंद, लाकडी किंवा प्लास्टिकचा घ्यायचा. खिळ्याची चव बरीच कमी होते. पदार्थ गरम न देता कोमट किंवा गार द्यायचे. तोंड आलेलं नसेल तर लिंबू, कोकम चालतं, आता तुम्हाला झोंबेल. दिवसातून चार-पाच वेळा मीठ आणि खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या. आंबा नीट धुऊन, घरीच सोलून, रस काढून दुधात घालून बघा, नुसत्या फोडीपेक्षा सौम्य लागतो. बाजारातला तयार आमरस नको.

चव परत येते. आईला शेवटच्या केमोनंतर काही आठवड्यांनी वरणातलं हिंग कळलं. आनंदाने तिने तीन वेळा वरण वाढून घेतलं.

रात्रपाळी | २:५५

सुगरणताईंशी सहमत. एक जोड: स्टेरॉइडने साखर वाढते. मधुमेह असेल तर आंब्याआधी साखर बघून घ्या.

मोगरा, माणसं घरात घ्यायची असतील तर एका वेळी एक, सर्दी-खोकला नसलेलं, हात धुऊन, मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून आणि अर्ध्या तासासाठी. लहान मुलं या आठवड्यात नकोत, ती शाळेतून आणि खेळातून काय काय घेऊन येतात ते तुम्हाला शिक्षिका म्हणून माहीतच आहे. बाकीच्यांना फोन आहे.

निसर्गोपचार_प्रेमी | दुपारी ३:१०

काउंट वाढवायला रोज सकाळी गुळवेलीचा रस, गव्हांकुर आणि पपईच्या पानांचा काढा. आमच्या ओळखीत एकाचे काउंट चार दिवसांत वर आले. ॲलोपॅथीवाले सांगणार नाहीत.

रात्रपाळी | ३:१८

सांगतात की, "घेऊ नका" असं सांगतात. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झाल्याचे वैद्यकीय अहवाल आहेत, आणि केमोची बरीच औषधं शरीर यकृतातूनच निस्तरतं. कच्चे रस काउंट खाली असताना जंतूंच्या दृष्टीनेही धोक्याचे. चार दिवसांत काउंट वर आले म्हणता, ते मधल्या आठवड्यानंतर काढा न पिणाऱ्यांचेही येतात.

निसर्गोपचार_प्रेमी | ३:२५

अनुभव मागितले होते म्हणून दिला. प्रत्येकाचा विश्वास वेगळा.

व्यवस्थापक | ३:४०

उपचारपद्धतींच्या तुलनेसाठी वेगळा धागा आहे, तिथे जावे. इथे विश्रांतीबद्दलच बोलू या.

कळवा_नाका | ३:५५

बायपासवाला हजर आहे. आमची विश्रांती म्हणजे छातीशी उशी कवटाळून खोकणे. छातीचं हाड चिरून तारेने बांधलेलं असतं, ते सांधायला दीड-दोन महिने जातात. तोवर वजन उचलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही. आणि ते तीन गोळ्यांचं यंत्र! श्वास आत ओढून गोळे वर उचलायचे. मी कित्येक दिवस त्यात फुंकतच होतो. नात म्हणाली, "आजोबा, उलटं आहे."

दुपारी मात्र अस्मिता वाहिनी. वाचन जमत नव्हतं, टीव्ही डोक्यात जायचा. रेडिओ बरा, तो तुमच्याकडे बघत नाही.

आयोडीन_युक्त | संध्याकाळी ४:३०

माझा प्रकार जरा वेगळा आहे. थायरॉइडचा कर्करोग. ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन. औषध घेतल्यावर काही दिवस माणूस स्वतःच किरण सोडत असतो, त्यामुळे हॉस्पिटलात वेगळी खोली, जेवण दारात, नर्स लांबून बोलणार. घरी आल्यावरही लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून काही दिवस दूर. या आयोडीनचं अर्धं आयुष्य, म्हणजे त्याचे किरण निम्मे व्हायला लागणारा वेळ, साधारण ८ दिवसांचं असतं, शरीरातून तर ते लघवीवाटे त्याआधीच बरंचसं निघून जातं. म्हणून पाणी प्या, पाणी प्या.

अशी औषधं पुरवणाऱ्या 'ब्रिट'चं संकुल आमच्या वाशीतच आहे. रोज ज्या रस्त्याने जायचो, तिथूनच माझं औषध निघालं असणार. बंद खोलीत हे आठवून मी एकटाच हसलो.

आता एकटाच_बरा यांना: मला ते दिवस आवडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी "जरा इकडे ये" म्हणालं नाही. पण ते किती तारखेला संपणार हे मला माहीत होतं. ते माहीत नसतं तर माझंही तुमच्यासारखंच झालं असतं.

एकटाच_बरा | ४:४४

तारखेचं अगदी बरोबर बोललात.

बार्शी_ते_कोपरखैरणे | संध्याकाळी ५:१०

धागा सकाळपासून वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

वडिलांना घशाचा कर्करोग झाला तेव्हा आम्ही बार्शीहून परळला टाटाला आलो. ते हॉस्पिटल १९४१ पासून आहे आणि देशभरातून माणसं येतात हे ऐकून होतो, पण बाहेरच्या फुटपाथवर ती डोळ्यांनी बघेपर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता. सुरुवातीला आम्हीही बाहेरच झोपलो. मग दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली.

वडिलांना शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होते. शनिवार-रविवार शेक नसत. विश्रांतीचा दिवस म्हणजे तो रविवार. दाराला पाटी नाही, कारण दार आपलं नाही. ज्याला त्याला आपापलं दुखणं, पण कुणाला झोप लागली की बाकीचे भांडी हळू ठेवत. शेजारी बिहारचे एक काका होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि वडिलांना तर बोलताच येत नव्हतं. दोघं दुपारभर पत्ते खेळत. वडील शेतकरी माणूस, उभ्या आयुष्यात दुपारी बसले नसतील. घरी असते तर नक्की उठून गोठ्यात गेले असते. तिथे उठून जाणार कुठे?

ताई, तुमच्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या म्हणजे तुमचा गोठा आहे. एवढंच म्हणायचं होतं.

सुलभाताई_नौपाडा | ५:२५

बाळा, बरं झालं लिहिलंस. वडील कसे आहेत आता?

बार्शी_ते_कोपरखैरणे | ५:३१

आहेत. आवाज घोगरा झालाय. गोठ्यात असतात.

रोहित_पक्षी | संध्याकाळी ६:०५

ल्युकेमिया, बोन मॅरो ट्रान्सप्लांट खारघरला. त्यानंतरचे पहिले साधारण शंभर दिवस फार जपावं लागतं, म्हणजे मोगराताईंचा मधला आठवडा ताणून तीन महिन्यांचा करायचा. घर सीवूड्सला, खिडकीतून पाणथळ जागा दिसते. मित्राने दुर्बीण दिली. पक्ष्यांमधलं मला काडीचं कळत नव्हतं.

थंडीच्या सुरुवातीला फ्लेमिंगो यायला लागतात आणि पावसाच्या तोंडावर जातात. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली ती बरीचशी यांच्याच पुण्याईने. मी दिवसभर बघत बसायचो. खाताना मान उलटी करून चोच चिखलात, आणि भरतीचं पाणी चढलं की सगळा थवा आमच्या बाजूला येऊन नुसता उभा. एका पायावर, मान पाठीत खुपसून, तासन्‌तास. त्यांना कुणी आळशी म्हणत नाही. ओहोटी लागली की परत कामाला.

माझ्यापुरतं त्यातून हे सुचलं: ताकदीची वेळ ओळखून कामं त्या वेळात बसवायची. माझी ताकद सकाळी नऊ ते अकरा असायची. अंघोळ, औषधं, एखादा फोन, सगळं त्यात. नंतर भरती. मग अपराधी वाटून घ्यायचं नाही.

खाडीकर | ६:१२

एका पायावर उभं राहून विश्रांती! हाडवैद्य, हे तुमच्या सूचनांत बसतं का?

हाडवैद्य_नव्हे | ६:२०

पेशंटने करू नये. काही केमोंनी तळपाय बधिर होतात, तोल जातो. आधाराला भिंत असू द्या. एकटाच_बरा, तुमच्या केमोत थंडीने मुंग्या यायच्या का?

एकटाच_बरा | ६:३३

यायच्या म्हणजे काय! ऑक्सालिप्लाटिन होतं. सलाइन लागल्यावर काही दिवस फ्रिजमध्ये हात घातला की शॉक बसल्यासारखं व्हायचं. गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा. एसी गाडीत दांडा धरायला हातमोजे. खारघरच्या मे महिन्यात लोकरी हातमोजे घालून भाजी घेतलीय मी. भाजीवाली म्हणाली, "काका, काश्मीर का?" त्या दिवसातलं ते एकमेव संभाषण होतं, पण दर्जेदार.

मोगरा_पाचपाखाडी | रात्री ८:५०

सगळं वाचलं, काही दोनदा.

दुपारनंतरचा हिशेब देते. चिठ्ठ्यांचं पेन कपाटात ठेवलं. (बार्शीकर, गोठा वाचून हसले आणि मग गप्प बसले.) हाडवैद्यांच्या फेऱ्या केल्या, गाणं म्हणत, म्हणजे आपोआप हळू झाल्या. पुस्तक उघडलं तर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाईपर्यंत पहिली विसरत होते, म्हणून जुन्या दिवाळी अंकांतली नुसती व्यंगचित्रं बघितली. पाचच्या सुमारास शेजारच्या काकूंना मास्क लावून अर्ध्या तासासाठी बोलावलं. त्यांना आधीच सांगितलं की चहा मिळणार नाही आणि आजाराचा विषय निघणार नाही. मग बोलायचं काय या विचाराने त्या पाच मिनिटं गोंधळल्या. नंतर सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला दोघींनी मिळून यथेच्छ नावं ठेवली. फार बरं वाटलं.

पण सगळं गोड गोड नाही. सहा वाजता काहीच कारण नसताना उदास वाटलं. पूर्ण दिवस गेला आणि दाखवायला काही नाही, असं. याचं काय करता?

सुलभाताई_नौपाडा | रात्री ९:०५

याचं काही करता येत नाही. संध्याकाळी सहाला मलाही व्हायचं. दिवा लावायची, बसायची, सातपर्यंत ओसरायचं. रोज तसंच वाटायला लागलं, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर मात्र डॉक्टरांना सांग. त्यावरही औषध असतं, लाजायचं नाही.

आणि दाखवायचंय कुणाला? परीक्षा घेणारी तू, पेपर तपासणारी तू. शिक्षिकांचा हाच त्रास.

एकटाच_बरा | ९:१८

मोगराताई, सहाची वेळ माझीही वाईटच. केमो संपली तरी अजून. चालणार असेल तर व्यवस्थापकांमार्फत नंबर घेऊन सहाला फोन करत जाईन. पाण्याच्या टाकीवर बोलू. आमच्या सोसायटीची टाकी तुमच्यापेक्षा भयंकर आहे, पुरावे आहेत.

घरचा_माणूस | ९:२५

या फोनमध्ये सुलभाताईंच्या चुलतजावेलाही घ्या.

मोगरा_पाचपाखाडी | ९:३२

चालेल! नंबर व्यवस्थापकांकडे देते. पण पावणेसातला ठेवायचा, नवरा येतो आणि मग त्याला डोकावायचं असतं.

उद्या सकाळी तपासणीसाठी रक्त द्यायला जायचंय, सीबीसी, म्हणजे पेशींची मोजणी. उपाशी जायचं का?

रात्रपाळी | ९:४०

सीबीसीला उपाशी राहायची गरज नाही. सोबत दुसरी काही तपासणी लिहिली असेल तर कागद बघा, नाहीतर चहा-नाश्ता करून जा. लॅब उघडताना जा म्हणजे गर्दी लागणार नाही, किंवा घरी येणारा माणूस बोलवा. मास्क विसरू नका. आणि ऑपरेशन ज्या बाजूला झालं त्या हातातून रक्त घेऊ देऊ नका, सुई काढण्याआधीच सांगा.

कांदेपोहे | ९:४४

चहाबरोबर खारी चालेल का?

रात्रपाळी | ९:४७

चहात पूर्ण बुडवून. तोंड आलंय तिचं.